‘येते’ म्हणून गेलेली माणसं

मेलेली माणसं दुकानात बहुतेक दुपारी यायची. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, मावशी मागच्या खोलीत जेवून जरा आडवी झालेली असते आणि काउंटरवर टाचणी एकटीच असते, हे त्यांना बरोबर कळायचं. जिवंत माणसांना एवढा पोच नसतो. ती नेमकी शटर ओढायच्या वेळी पँटची उंची कमी करायला घेऊन येतात आणि वर विचारतात, लगेच मिळेल ना?

टाचणी सोळा वर्षांची होती. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण अंगानं काडी आणि बोलणं टोचरं, त्यात मावशीचं दुकान कपडे उसवून बेताचे करून देण्याचं, तेव्हा मावशीनंच हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. सकाळी शाळा, दुपारनंतर दुकान. बटणं लावायची, बाह्या उसवायच्या, पँटच्या पायांना दुमड घालायची, चेन बदलायची. ही कामं ती डोळे मिटून करू शकायची आणि कंटाळली की खरंच डोळे मिटून करायची.

वाचनालयातल्या जाड कादंबऱ्यांत अशा मुली असतात. त्यांच्या डोळ्यांचा रंग पौर्णिमेला बदलतो, त्यांना एखादा फिकट चेहऱ्याचा देखणा तरुण भेटतो आणि जगाचा निकाल त्यांच्या हातात असतो. टाचणीनं त्यातल्या बऱ्याच वाचल्या होत्या. तिच्या डोळ्यांचा रंग होता तोच राहिला, आणि तिला भेटले ते बँडवाले काका.

काका बँडात ट्रंपेट वाजवायचे. जरीच्या पट्ट्यांचं लाल जाकीट पोटावर होईना म्हणून सैल करायला टाकून गेले होते. एका दुपारी आले, म्हणाले, “झालं का?” टाचणीनं हँगरवरचं जाकीट पुढे केलं. काकांनी हात घातला तो बाहीतून आरपार गेला. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. “बरं, येतो मग,” म्हणून काका निघून गेले. टाचणीनं मागच्या खोलीत जाऊन मावशीला सांगितलं, तर मावशी म्हणाली, “अगं, ते गेले की. मागच्याच महिन्यात. कार्यक्रमाला जाताना टेम्पो उलटला.”

“मग आत्ता येऊन गेले ते कोण?”

मावशीनं हातातली कात्री खाली ठेवली. मग तिनं विचारलं, “जाकीट मागत होते?”

“हो.”

“शिवून ठेवलंय म्हणावं.”

झालं. त्या दुकानात या विषयावर एवढीच चर्चा झाली. मावशीला काही दिसायचं नाही, पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक, हे तिचं ठाम मत होतं. काउंटरपाशी टाचणी एकटीच बोलताना दिसली की ती आतून ओरडायची, “कोण आहे गं? जिवंत असेल तर मी उठते.”

काका पुढे रोज येत राहिले. एके दिवशी टाचणीनं नुसत्या कंटाळ्यापोटी सांगितलं की जाकीट अजून झालेलं नाही. काकांचा पारा चढला. “किती दिवस घोळवणार आहात? जातो मी. पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही.” आणि पाऊल उचललं ते खाली टेकलंच नाही. काका नाहीसे झाले आणि परत कधी आले नाहीत.

तेव्हा टाचणीच्या डोक्यात उजेड पडला. आपल्या बोलण्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणतं का? लहानपणी चुकून ‘जाते’ म्हटलं की घरातलं मोठं माणूस लगेच दटावतं, जाते म्हणू नये, येते म्हण. मग जन्मभर तीच सवय. शेवटचं घराबाहेर पडतानाही माणूस चपला सरकवत ‘येतो हं’ म्हणतं, रस्त्यात काहीतरी होऊन मरतं, आणि मग दिलेला शब्द पाळत बसतं. जिथे आपलं काही राहिलेलं असेल तिथे येत राहतं. बरं, आलेलं माणूस परत निघताना काय म्हणतं? ‘येतो.’ म्हणजे फेऱ्या काही संपत नाहीत. अंथरुणात गेलेली माणसं मात्र तिला कधी दिसली नाहीत. ती कुठे निघालीच नव्हती.

यावर उपाय एकच, त्यांच्या तोंडून ‘जातो’ काढायचं. नुसतं म्हणून दाखवलेलं चालत नाही; मनात जाणं हवं आणि शब्दाबरोबर पाय उचलला पाहिजे. टाचणी तिच्या टोचऱ्या जिभेनं त्यांना चिडवायची. तापट माणसं पटकन सुटायची. सभ्य माणसांनी मात्र तिच्या नाकी नऊ आणले होते.

दुकानाच्या डाव्या भिंतीला एक लांब दांडी होती. न नेलेले कपडे तिथे लटकायचे. त्यातला शेवटचा, भिंतीला टेकलेला, डाळिंबी रंगाचा कोट टाचणीच्या आईचा होता.

आई गेली तेव्हा टाचणी दुसरीत होती. भर दुपारी, शाळेच्या अलीकडच्या वळणावर, एका गाडीखाली. कोट आदल्याच दिवशी दुकानात आला होता, बाहीचं अस्तर सुटून बाहेर लोंबत होतं म्हणून. मावशीनं तो बहिणीच्या क्रियाकर्माची धावपळ संपल्यावर एका बैठकीत शिवला आणि दांडीवर टांगला. तेव्हापासून तो तिथेच होता. धूळ झटकायला म्हणून मावशी सगळे कपडे काढायची, तो एक जागच्या जागी झटकायची.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की टाचणी दुकानात बसायला एवढी तयार का असायची. तिनं बाबाला विचारून घेतलं होतं. “आई निघताना काय म्हणाली होती?” बाबा म्हणाला होता, “काय म्हणणार? येते म्हणाली.” आणि तो उठून पाणी प्यायला गेला होता.

येते म्हणाली, म्हणजे येणार. आणि तिचा कोट इथे आहे, म्हणजे इथेच येणार. टाचणी दार उघडलं की मान वर करायची. बँडवाले आले, ट्रकवाला आला, लिंबाच्या रंगाचा ब्लाउज सैल करायला टाकलेली एक नवरी आली, कुणाकुणाचे कोण आले. आई आली नाही. साऱ्या गावाची मेलेली माणसं दारात उभी, आणि हिचं एक माणूस फिरकत नव्हतं.

का येत नाही याचं कारण टाचणीला ठाऊक होतं, आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. आई गेली त्या सकाळी शाळेच्या फाटकाशी तिनंच आईला बजावलं होतं, “दुपारी तू येऊ नकोस मला न्यायला. बाबाला पाठव.” का, तर आदल्या दिवशी वर्गातल्या मुली आईच्या लोंबत्या अस्तराला हसल्या होत्या. तू येऊ नकोस. मुलीनं सांगितलं, आईनं ऐकलं. टाचणीला हे एकदम पटलं होतं. आणि सोळाव्या वर्षीही ते तितकंच पटत होतं.

त्या आठवड्यात मावशीनं एक बातमी दिली. नवीन वाफेची इस्त्री येणार होती, मोठी, टेबलासकट. ती ठेवायची तर डावी भिंत रिकामी हवी. “शनिवारी येतंय यंत्र. त्याच्या आत ही दांडी उतरवायची. कपडे वृद्धाश्रमात देऊ.”

“आणि जे न्यायला येतात ते?”

“कोण कोण उरलेत?”

“गणिताच्या बाई एक.”

“मग त्यांची काय ती बोळवण कर तुझी तू,” मावशी म्हणाली. मग सुईत दोरा ओवत, मान वर न करता म्हणाली, “आणि तिचा कोट घरी ने. इथे किती दिवस लटकवायचा?”

“ती आली तर?”

“टाचणे, इतक्या वर्षांत नाही आली.”

मावशी हे वाईट मनानं बोलली नव्हती. पण कधीकधी साधं खरं बोलणंसुद्धा वर्मी लागतं. टाचणी बटणांचा डबा घेऊन बसली आणि एका शर्टाला तिनं पांढऱ्याऐवजी पिवळं बटण लावलं.

गणिताच्या बाई समोरच्याच शाळेत होत्या. राखाडी जाकिटाची कोपरं झिजली म्हणून ठिगळ लावायला दिलं होतं. बाई येत त्या ताठ, पायपुसण्यावर पाय पुसून, जे पुसायची त्यांना आता गरज नव्हती. आपण मेलो आहोत हे त्यांना माहीत होतं की नाही, सांगणं कठीण. माणसाला स्वतःचं घोरणं जेवढं माहीत असतं तेवढं असावं. लोक म्हणतात तर असेल, पण आपण तो विषय काढत नाही.

“झालं का जाकीट?”

“झालं, बाई. हे बघा.”

बाईंनी वाकून टाके बघितले. “समान अंतरावर आहेत. छान. बरं, येते मी.”

“बाई, जाताय ना?”

“हो, येते.”

“म्हणजे जाताय.”

“तेच म्हणाले मी. येते.”

टाचणीनं दुसरी बाजू धरली. “बाई, ‘जाणे’ या क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप काय होतं हो? मी, स्त्रीलिंगी.”

“तो माझा विषय नाही. भाषेच्या बाईंना विचार.”

चिडवून पाहिलं तर त्याचाही उपयोग नव्हता. जाकीट हरवलं म्हटलं तर बाई म्हणाल्या, शोध, मी थांबते. ठिगळ वाकडं आहे म्हटलं तर म्हणाल्या, पुढच्या वेळी पट्टी लाव. जिनं आयुष्यभर इयत्ता नववी सांभाळली तिला सोळा वर्षांची पोर काय चिडवणार? शुक्रवार उजाडला तरी बाईंच्या तोंडून शब्द निघेना. दांडीवरचे बाकीचे कपडे मावशीनं पिशव्यांत भरले होते. राखाडी जाकीट आणि डाळिंबी कोट, दोनच राहिले होते.

शुक्रवारी दुपारी बाई आल्या, टाके बघितले, नेहमीचं सगळं झालं. टाचणीनं प्रयत्न सोडून दिला होता. ती उसवणीनं एका पँटची शिवण उसवत होती. समोरच्या शाळेत मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, आणि तरी एका वर्गातला गोंधळ थांबेना. बाक आपटल्याचे, कुणीतरी शिट्टी मारल्याचे आवाज रस्ता ओलांडून दुकानात येत होते.

“बोंबलतायत नुसते,” टाचणी सहज म्हणाली. “नववीच असणार. वर्गावर कोणी गेलेलं दिसत नाही.”

बाईंची मान वळली. “कोणी गेलं नाही?” कपाळावर आठी पडली. “थांब, मी जाते.”

आणि त्या निघाल्या. दार ओलांडलं, फुटपाथच्या कडेला एक पाय खाली टाकला, आणि रस्त्यावर फक्त ऊन राहिलं. समोरचा गोंधळ तसाच चालू होता.

टाचणीला पहिल्यांदा हसू आलं. एवढे डाव टाकले आणि सुटका झाली ती गप्पा मारताना. मग तिचा हात थांबला. उसवणी कापडातच रुतून राहिली.

बाई रागावल्या नव्हत्या. निरोपही घेतला नव्हता. कुणीतरी जायला हवं होतं, कुणी गेलं नव्हतं, म्हणून त्या म्हणाल्या, मी जाते. म्हणजे तेही चालतं. कुणाचं तरी काम अंगावर घेतानाचं ‘मी जाते’सुद्धा मोजलं जातं.

तिनं आईबद्दल इतकी वर्षं एकच प्रश्न विचारला होता, आई निघताना काय म्हणाली. दुसरा एक प्रश्न होता, तो तिला सुचलाच नव्हता.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरी आला की आधी मोरीत बसून कपडे धुण्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा, तरी नखांत काळं राहायचंच. बाबाचं एक खूळ होतं. तो साधं ‘जातो’ कधी म्हणायचा नाही. कामाला निघाला तर ‘जाऊन येतो’ हे ठीक आहे, पण गच्चीवर कपडे आणायला निघाला तरी ‘जाऊन येतो’, मोरीत हात धुवायला उठला तरी ‘जाऊन येतो’. मावशी त्याला म्हणायची, “काय हो लिफ्टवाले, परदेशी निघालात का? टॉवेल देऊ बरोबर?” बाबा ओशाळून हसायचा, पण म्हणायचं सोडायचा नाही.

आणि मावशीच्या दुकानात तो पाऊल टाकायचा नाही. टाचणीला न्यायला आला तर फुटपाथवरून हाक मारायचा. टाचणीला काय दिसतं ते मावशीनं त्याच्या कानावर घातलं होतं. त्यावर त्यानं एकदाच विचारलं होतं, “ती येते का?” टाचणी नाही म्हणाली तेव्हा त्यानं मान हलवली होती, अशी, की हे त्याला आधीच माहीत होतं. टाचणीनं तेव्हा त्याचा अर्थ लावला नव्हता.

त्या संध्याकाळी बाबा ओट्यापाशी बटाटे सोलत होता. टाचणी स्टुलावर बसली. स्वयंपाकघर एवढंसं, की एकानं सोलायला घेतलं तर दुसऱ्यानं पाय पोटाशी घ्यायचे.

“बाबा, त्या दिवशी शाळेत मला न्यायला कोण येणार होतं?”

बाबानं सुरी खाली ठेवली नाही, पण बटाटा फिरायचा थांबला. “कुठल्या दिवशी?” त्यानं विचारलं, आणि कुठल्या ते त्याला नीट कळलं होतं.

“आई गेली त्या दिवशी.”

कुकरची शिट्टी झाली. बाबानं गॅस बारीक केला.

“मी,” तो म्हणाला.

“आणि आई काय म्हणाली?”

“सांगितलं ना तुला. येते म्हणाली.”

“नाही म्हणाली. येते म्हणाली असती तर आली असती, बाबा. सगळे येतात. शब्दाला चुकणारं माणूस मी अजून बघितलं नाही.”

बाबानं सुरी ठेवली. हात पुसायला फडकं उचललं आणि ते हातातच धरून राहिला. मग तो बोलला, एका सुरात, कुणीतरी लिहून दिल्यासारखं. मनात फार वेळा म्हटलेलं असणार.

“रात्रपाळी करून आलो होतो. तू मलाच बोलावलंयस, हे तिनं आल्या आल्या सांगितलं. मी म्हटलं, जाईन की, वेळ झाली की उठव. वेळ झाल्यावर तिनं उठवलं. म्हटलं, पाच मिनिटं. तिनं परत हाक मारली. मी कूस वळलो.” तो थांबला. “मग ती म्हणाली, झोप तू. मी जाते.”

टाचणीनं पाय आणखी पोटाशी ओढून घेतले.

“माझी पाळी होती ती,” बाबा म्हणाला. “मी उठलो असतो तर. एवढंच. येते म्हणाली असं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. म्हणून सांगत आलो.”

आठ-नऊ वर्षं या माणसानं हे एकट्यानं वागवलं होतं, आणि त्यावर उपाय काय, तर एक शब्द तोंडात येऊ द्यायचा नाही. टाचणीला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याच्या आधी स्वतःचं काहीतरी बाहेर यायला धडपडत होतं.

“मी तिला सांगितलं होतं, येऊ नकोस म्हणून,” ती म्हणाली. “बाबाला पाठव म्हटलं, पण आधी ते म्हटलं. तू येऊ नकोस. कोटामुळे. मला वाटायचं, म्हणून ती येत नाही. मी घालवलं तिला.” आणि ती रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, नाक ओढत. “मी फाटकात उभी होते ना, बाबा, तेव्हा मला वाटलं, बरं झालं आई नाही आली.”

बाबा खाली, तिच्या स्टुलापाशी, फरशीवर बसला. त्याच्या उंचीच्या माणसाला त्या जागेत बसणं सोपं नव्हतं; पाठ कपाटाला टेकली आणि गुडघे ओट्याखाली गेले.

“तिला राग नव्हता आला,” तो म्हणाला.

“तुला काय माहीत? तू झोपला होतास.”

“झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते.” हे कबूल करणं त्याला सगळ्यात जड गेलं असावं. “ऐकलं मी सगळं. ती दारात चपला घालत होती. हसत होती. म्हणाली, झोप तू, मी जाते. आज कोट नाहीये अंगात, बाईसाहेबांना लाज वाटायचं कारण नाही.”

टाचणीनं तोंडावरचे हात काढले. “बाईसाहेब म्हणाली?”

“तुलाच. नेहमी म्हणायची. विसरलीस?”

विसरली होती. आता आठवलं. आवाजासकट नाही, पण शब्द आठवला, आणि त्याच्याबरोबर केसांत फिरणारा कंगवा. येऊ नकोस म्हटल्यावरही आई निघाली होती. रुसली नव्हती, उलट थट्टा करत निघाली होती. ती येत नव्हती ती मुलीवर चिडून नव्हे. मुलीला आणायला म्हणून ‘जाते’ म्हणाली, म्हणून. म्हणजे ती कधीच येणार नव्हती. हे दुसरं वाक्य टाचणीला पहिल्याच्या मागोमाग कळलं, आणि ती पुन्हा रडली, पण या वेळचं रडणं वेगळं होतं. बाबाही रडला. बटाटे अर्धे सोललेले तसेच राहिले आणि शेवटी दोघांनी पाव खाल्ला.

शनिवारी बाबा दांडी उतरवायला दुकानात आला. फुटपाथवर क्षणभर रेंगाळला, मग पायपुसण्यावर पाय पुसून आत आला. मावशीनं वर पाहिलं. तिच्या जिभेवर काहीतरी चटकदार आलं असणार, कारण ओठ हलले, पण तिनं ते गिळलं आणि म्हणाली, “स्टूल तिथे आहे. वरचा स्क्रू गंजलाय, सांभाळून.”

टाचणीनं कोट काढला. हँगरवरून उतरताना त्यातून जुन्या कापडाचा वास आला, आईचा नाही. तो केव्हाच उडून गेला होता. तिनं कोट अंगात घातला. खांद्याला जरा मोठा, बाह्या मात्र बरोबर मनगटाशी. आतून हात सरकवला तर अस्तर कुठे अडकलं नाही.

“खांदे आत घेऊन देते,” मावशी म्हणाली.

“असू दे.”

“असू दे काय? टाचणीला पोतं घातल्यासारखं दिसतंय.” मावशीनं जवळ येऊन कॉलर सारखी केली आणि हात तिथेच थोडा वेळ राहू दिला.

दांडी खाली आली. भिंतीवर रंगाचा एक लांब, उजळ पट्टा उरला. तेवढ्यात फोन वाजला. यंत्र घेऊन आलेली माणसं चौकात पोचली होती आणि त्यांना पुढचा रस्ता कळत नव्हता. गल्ली अरुंद, टेम्पो उलटा घालावा लागणार होता. मावशीनं फोनवर डावं-उजवं सांगून पाहिलं आणि नाद सोडला. “यांना नाही उमगायचं. चौकापर्यंत कुणीतरी जायला हवं.”

आपण काय बोललो ते मावशीच्या ध्यानात आलं नाही. ती बिचारी चष्मा शोधत होती. बाबा हातात स्क्रू घेऊन उभा होता. त्यानं टाचणीकडे पाहिलं. मग स्क्रू काउंटरवर ठेवला, हात पँटला पुसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, “बसा तुम्ही. मी जातो.”

पाय उचलला होता. त्यानं तो शब्द आपल्या पाळीचा म्हणून उच्चारला होता, उशिरा का होईना, हे टाचणीला समजलं. समजलं तरी तिला राहवेना. चौक कोपऱ्यावरच होता. आई निघाली होती ती शाळाही कोपऱ्यावरच होती. ती काउंटरच्या बाजूनं धावत आली आणि तिनं बाबाची बाही घट्ट पकडली.

“थांब,” ती म्हणाली. “जाऊ या.”

तिनं तो शब्द शोधून काढला नव्हता. आपोआप तोंडात आला. म्हटल्यावर तिला ऐकू आलं की त्यात जाणं आहे, आणि शेवटी ‘या’सुद्धा आहे.

बाबालाही ते ऐकू आलं असावं. त्यानं बाही सोडवून घेतली नाही. “चल,” तो म्हणाला, “जाऊ या.”

मावशीला चष्मा सापडला. तो डोळ्यांवर चढवून तिनं दाराकडे पाहिलं. बहिणीचा कोट उन्हात पायरी उतरत होता, आणि शेजारी नखांत काळं असलेला तिचा मेव्हणा.

“अगं, दोघं कशाला?” ती मागून म्हणाली. “बरं, जा. आणि लवकर या.”